ताट संपलं की

रावसाहेबांचं ताट रोज चाटूनपुसून परत येत होतं आणि त्यांची साखर मात्र तसूभर खाली येत नव्हती. ऋतुजाच्या झोपेचं खोबरं झालं होतं ते यामुळे.

ऋतुजा बार्शीची. आहारशास्त्रात एम.एस्सी. करून ती सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात इंटर्न म्हणून लागली होती. एक अख्खी केस पहिल्यापासून शेवटापर्यंत सांभाळून दाखवायची, तिच्यावर आहार विभागाच्या प्रमुख भुवनेश्वरी मॅडमची सही घ्यायची, मग रजिस्टर्ड डाएटिशियनच्या परीक्षेला बसायचं आणि पास झालं की कुठल्यातरी दवाखान्यात स्वतःची खुर्ची, असा सरळ रस्ता होता. घरी तिच्या काकांचं एकच पालुपद असायचं. "लोकांना कमी खा म्हणून सांगायला एवढं शिकावं लागतं व्हय? आमची आजी फुकट सांगायची की." काकांचं तोंड बंद करायला ती सही हवी होती, आणि सही रावसाहेबांच्या साखरेत अडकून बसली होती.

रावसाहेब मंगळवेढ्याकडचे. घरी शेरडं-मेंढरं, थोडी ज्वारी. पायात बाभळीचा काटा मोडला, त्यांनी तो मनावर घेतला नाही आणि जखम चिघळत गेली. दवाखान्यात आणल्यावर कळलं की साखर आभाळाला टेकलीय. ती उतरेपर्यंत पायाचं ऑपरेशन करता येत नव्हतं. म्हणून गडी कॉटवर आणि उशाशी स्टुलावर बायको, केसरबाई. ती बाई दिवसभर त्या स्टुलावरून हलत नसे. कुणी आलं की पदर सावरायची, "बसा की" म्हणायची आणि बसायला दुसरं काही नसल्यामुळे स्वतः उठून उभी राहायची.

आता मॅडमच्या पद्धतीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातूनच झालं. भुवनेश्वरी मॅडमची उभी हयात या दवाखान्यात गेलेली. इंटर्न मुलींना त्या पहिल्याच दिवशी सांगायच्या, "पेशंटला विचारू नका. पेशंट तुम्हाला बरं वाटेल ते सांगतो. ताट बघा. ताट खोटं बोलत नाही." म्हणून जेवणं झाली की मुली ट्रॉलीपाशी उभ्या राहायच्या. परत आलेल्या ताटात कुणी काय टाकलं, कुणी भाजी चिवडली, कुणी भाकरीचे नुसते काठ ठेवले, ते बघून लिहून घ्यायच्या. ट्रॉली परत यायच्या आत मुलींचं स्वतःचं जेवण उरकलेलं असावं, म्हणून मॅडमनी इंटर्नची जेवणाची सुट्टी पेशंटच्या जेवणाच्या वेळेलाच ठेवली होती. म्हणजे वॉर्डात पेशंट जेवत असायचे तेव्हा अख्खा आहार विभाग खाली कँटीनमध्ये जेवत असायचा. यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. वावगं वाटायला तिथं कुणीतरी हजर असावं लागतं.

रावसाहेबांचं ताट म्हणजे ऋतुजाचा अभिमान होता. बाकीच्या कॉटवरून दुधी परत यायचा, बिनमिठाची आमटी परत यायची. रावसाहेबांच्या ताटात कोथिंबिरीची काडीसुद्धा नसायची.

"मामा, जेवलात का?" ती दुपारच्या राउंडला विचारायची.

"व्हय, जेवलो की. झकास."

"ताट संपलं का?"

"संपलं की. तुमी बगितलं न्हाय व्हय?"

तिनं बघितलेलं होतंच. ताट खोटं बोलत नव्हतं. तरी सकाळी साखर तपासली की आकडा जागच्या जागी. मग ऋतुजानं दोन भाकऱ्यांच्या दीड केल्या. आकडा हलला नाही. तिनं बटाटा बंद केला, संध्याकाळचं फळ काढलं, वरणाची वाटी लहान केली. आकडा ढिम्म. शेवटी भाकरी एकच राहिली आणि ताटात कोशिंबिरीचा डोंगर उभा राहिला.

त्या दिवशी ती वॉर्डात गेली तेव्हा केसरबाईंनी तिला हळूच बाजूला घेतलं. "लेकी, आज एकच भाकर आली गं."

"हो मामी. साखर उतरत नाहीये ना."

"बरं बरं. तुमास्नी कळतंय त्यातलं. म्या आपलं इचारलं."

नवऱ्याच्या भाकरीची किती काळजी, असं वाटून ऋतुजाला भरून आलं. भूक ज्याची त्यानं चकार शब्द काढला नव्हता आणि तक्रार बायको करत होती, यात काही गोम असेल हे तिच्या डोक्यात आलं नाही. पुस्तकात असलं काही नव्हतं.

डॉक्टर यशपाल फाईल बघून म्हणाले, "डाएट नीट चाललंय?"

"अगदी नीट सर. ताटात काहीच उरत नाही."

"मग इन्शुलिन वाढवू." त्यांनी ते वाढवलं, आणि आठवड्यानं पुन्हा वाढवलं. ऑपरेशन दुसऱ्यांदा पुढं गेलं.

पाणी कुठंतरी मुरत होतं. ऋतुजाला पहिला संशय आला तो किचनचा. गुरुसिद्धप्पा हा तिथला मुख्य आचारी, अक्कलकोटचा. ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "काका, रागावू नका, पण आमटीत चवीला चिमूटभर साखर घालता का हो तुम्ही?"

गुरुसिद्धप्पानं पळी खाली ठेवली. "मॅडम, आमी अक्कलकोटचे. आमटीत साखर घालायची रीत पुण्याकडची. माझ्या सात पिढ्यांत कुणी असलं पाप केलं नाही." एवढं बोलून तो थांबला असता तर ठीक होतं. पण त्याच्या जिव्हारी लागलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं आमटीत साखरच काय, चिंच, कोथिंबीर, फोडणी, काहीच घालायचं सोडलं. "नंतर बोलायला नको," म्हणाला. सगळ्या वॉर्डांतून आमटी जशीच्या तशी परत यायला लागली आणि मॅडमनी ऋतुजाला बोलावून घेऊन चांगलं फैलावर घेतलं. त्याही दिवशी एक ताट मात्र लख्ख होतं. रावसाहेबांचं.

मग तिनं रावसाहेबांनाच गाठलं. "मामा, खरं सांगा. तुम्ही बाहेरचं काही खाता का?"

रावसाहेबांनी गळ्यातल्या माळेला हात लावला. "हाटेलाचं म्हनता? बिरोबाची आन. आल्यापास्नं बाहेरचा चा सुदिक घेतला न्हाय."

माणूस खोटं बोलत नव्हता, हे तर कुणालाही दिसलं असतं.

केस सादर करायचा दिवस उजाडला. दुपारी मॅडम, डॉक्टर आणि बाकीच्या मुलींपुढं ऋतुजाला बोलायचं होतं. भीतीनं तिला जेवण सुचेना. मैत्रिणी जेवायला गेल्या, ती गेली नाही. रिकामं बसण्यापेक्षा रावसाहेबांचं वजन पुन्हा एकदा घ्यावं म्हणून ती वॉर्डात गेली. जेवणाच्या वेळेला वॉर्डात जायची ही तिची पहिलीच खेप.

रावसाहेब कॉटवर मांडी घालून बसले होते. पुढ्यात पितळी डबा उघडलेला. त्यात धपाटी, तेलात पोहणारं भरलं वांगं, शेंगांची चटणी आणि वर गुळाच्या दोन पोळ्या. सून रोज सकाळच्या एस.टी.नं दोन्ही वेळचा डबा पाठवायची आणि रिकामा डबा दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत जायचा. लपवाछपवी काही नव्हती. शेजारच्या कॉटवाल्याला त्यातलं धपाटं मिळत होतं, सिस्टरलाही एकदा चटणी मिळाली होती. सगळ्या वॉर्डाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त आहार विभागाला.

आणि स्टुलावर केसरबाई बसल्या होत्या. मांडीवर ऋतुजाचं ताट. एक भाकरी, दुधीची भाजी आणि कोशिंबिरीचा डोंगर.

"मामी, हे काय करताय?"

"जेवतीया की. ये, बस. दोन घास खा. तोंड किती सुकलंय बघ तुजं."

"अहो, ते मामांचं ताट आहे."

"व्हय, त्यांचंच. पर त्यास्नी कुटं जातंय हे? मग टाकून द्यायचं व्हय? अन्न हाय लेकी."

ऋतुजानं रावसाहेबांकडं पाहिलं. "मामा, मी रोज विचारत होते ना तुम्हाला?"

"तुमी इचारलं, जेवलात का. जेवलो की. तुमी इचारलं, ताट संपलं का. संपलं की." रावसाहेब जराही गडबडले नाहीत. "कुनी संपीवलं ते तुमी इचारलं न्हाय."

"आणि बाहेरचं खात नाही म्हणालात, ते?"

"हे घरचं हाय. सुनंच्या हातचं."

केसरबाई मात्र चाचरत म्हणाल्या, "लेकी, एक सांगू का? तू लई कमी करत आणलंस. काल सांजच्याला मला भवंडल्यागत झालं. पायऱ्यांवर बसले मी थोडा येळ. तुला सांगावं का नगं, कळंना. आपल्या नावाचं ताट असतं तर सांगितलं बी असतं."

ऋतुजा कॉटच्या कडेवर बसली. इतके दिवस ती पद्धतशीरपणे, हिशेब करून, वाटीवाटीनं एका निरोगी दिसणाऱ्या म्हातारीला उपाशी मारत होती. शरमेनं तिचे कान तापले. आणि त्याच वेळी, खोटं कशाला सांगा, दुसराही एक विचार तिच्या मनात आला. डबा गुपचूप बंद करून टाकायचा. साखर आपोआप उतरेल, आलेख झकास दिसेल, सही होईल. वॉर्डातलं कोण जाऊन मॅडमना सांगतंय?

हा विचार तिनं पुरता चाखलाही नव्हता तोच तिला इन्शुलिन आठवलं. ते वाढवलं होतं गुळाच्या पोळीच्या मापानं. उद्या हा माणूस खरोखरच एका भाकरीवर आला तर त्याची साखर अशी कोसळेल की सावरता सावरणार नाही. ऋतुजा उठली आणि थेट डॉक्टरांच्या केबिनकडं निघाली.

दुपारी ती सगळ्यांपुढं बोलायला उभी राहिली. "मी आखलेला आहार रोज पूर्ण खाल्ला गेला," ती म्हणाली. "फक्त तो पेशंटनं खाल्ला नाही."

मग तिनं सगळं सांगितलं, आमटीसकट. मुली ओढण्या तोंडावर धरून हसल्या. डॉक्टर यशपालांना हसू आवरेना. "रोग रेड्याला आणि औषध पखालीला," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. सगळे गेल्यावर त्यांनी ऋतुजाला थांबवून घेतलं.

"मला फार राग आलाय," त्या म्हणाल्या, "पण तुझा नाही. इतक्या मुली माझ्या हाताखालून गेल्या. ताट बघा, ताट बघा, म्हणून मी सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडले. जेवणाऱ्याकडं बघा, हे एकीलाही सांगितलं नाही. आणि वर त्याच वेळेला तुम्हाला जेवायला धाडलं."

ऋतुजाला थोडी आशा वाटली. "मग मॅडम, सही?"

"सही नाही. तुझा पेशंट तुझं ताट खातोय हे मी या डोळ्यांनी बघेन, तेव्हा सही. उद्या दुपारी मी स्वतः येते."

त्या संध्याकाळी चक्कर येते म्हणून डॉक्टरांनी केसरबाईंचंही रक्त तपासलं आणि आणखी एक गंमत बाहेर आली. केसरबाईंना मधुमेह होता. मागल्या काही महिन्यांची सरासरी सांगत होती, चांगला जुना होता. आणि त्या दिवशीची साखर? दृष्ट लागावी अशी. ऋतुजाच्या आहारानं काम चोख केलं होतं, अंमळ जास्तच केलं होतं. डॉक्टरांनी केसरबाईंच्या नावाचा केसपेपर काढला, रावसाहेबांचं इन्शुलिन कमी केलं, सुनेला फोन करून डबा बंद करवला आणि ऋतुजाला दोन ताटं आखायला सांगितली. दोन्ही भरपोट, दोन्ही बेताची.

रात्री ऋतुजानं आईला फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर तिनं विचारलं, "आई, तू आज काय जेवलीस?" पलीकडं भांड्यांचा आवाज झाला. मग आई म्हणाली, "होतं की थोडं थोडं." शिकताना ऋतुजानं कितीतरी अनोळखी माणसांना खोदून खोदून हाच प्रश्न विचारला होता. आईला आज पहिल्यांदा विचारत होती. तिला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॉली आली. मॅडम दाराशी येऊन उभ्या राहिल्या. सिस्टरची रावसाहेबांना इन्शुलिनची सुई टोचून झाली होती, म्हणजे आता पोटात अन्न जायलाच हवं होतं. दोन ताटं ठेवली गेली. एकावर रावसाहेबांच्या नावाची चिठ्ठी, दुसऱ्यावर केसरबाईंच्या.

रावसाहेबांनी आपलं ताट दोन बोटांनी लांब सारलं. "मी हे खानार न्हाय."

"मामा, सुई घेतलीय. खावंच लागेल."

"हे आजाऱ्याचं ताट हाय, पोरी. आमच्या चुलत्याला असंच यायचं, नाव लिवून. म्हातारा पुन्ना घरला आला न्हाय." ते बोलताना रावसाहेबांचा आवाज जरासा कापला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ऋतुजाला कळलं की हा गडी हट्टी नाही, भ्यालेला आहे.

तिनं केसरबाईंकडं पाहिलं. त्या दोन्ही हात मांडीवर ठेवून आपल्या ताटाकडं नुसत्या बघत होत्या. "मामी, तुम्ही तरी सुरू करा."

"हे माझ्या नावाचं?"

"तुमच्याच."

"आन ह्ये जेवायच्या आदी मी जेवू? आजवर कंदी जेवले न्हाय, लेकी. घास उतरायचा न्हाय मला."

झालं, आगीतून फुफाट्यात. काल एकच उपाशी होती, आज दोघं. ऋतुजानं घड्याळाकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं. मॅडमच्या कपाळाला आठी पडली होती. सिस्टर साखरेच्या पाण्याचा ग्लास तयार ठेवायला निघाली.

तेवढ्यात रावसाहेब बायकोच्या ताटावर वाकले. "हिला काय देताय तुमी खायला?"

"तेच. दोन्ही ताटांत जिन्नस एकच आहेत, मामा, माप तेवढं वेगळं."

"ते मी बगतो. तुमी हिला उपाशी ठिवून भवंड आनली म्हनं. माजं सोडा, मी मानूस कसाबी ऱ्हातो. हिच्या पोटाला काय घालताय, बगू दे." त्यांनी केसरबाईंच्या भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि जनावराच्या बाजारात दात बघावेत तशा गंभीर चेहऱ्यानं चावला. मग आमटीचा घोट घेतला. गुरुसिद्धप्पाचा राग उतरला होता, फोडणी परत आली होती. "हे बरं हाय की. हिला असलं देता आन मला तसलं व्हय?"

ऋतुजा तोंड उघडणार होती. दारातून मॅडमनी नुसता हात हलवला. गप्प बस.

रावसाहेबांनी दुसरा तुकडा मोडला, मग तिसरा. आमटी भुरकली, कोशिंबीर ओरपली. बायकोचं ताट तपासता तपासता ते त्यांनी पार संपवलं आणि मग जरा ओशाळून म्हणाले, "तुजं मीच खाल्लं की गं."

"असू द्या," केसरबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला होता. त्यांनी नवऱ्याचं न शिवलेलं ताट पुढं ओढलं. "हे हाय की तुमचं उरल्यालं. टाकून द्यायचं व्हय?" आणि त्या पोटभर जेवल्या.

ऋतुजा खाली जाऊन किचनच्या दारात उभी राहिली. "काका, उद्यापासून एवढं करा. रावसाहेबांचा आहार भरायचा आणि त्यावर चिठ्ठी केसरबाईंची लावायची. केसरबाईंचा भरायचा, त्यावर रावसाहेबांची."

गुरुसिद्धप्पानं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मॅडम, परीक्षेत असंच लिहिणार काय?"

काही दिवसांत साखर उतरली, पायाचं ऑपरेशन ठरलं. ऋतुजा फाईल घेऊन मॅडमपुढं बसली. मॅडमनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं वाचलं. मग पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

"नवरा बरा झाला. बाईचीही साखर जागेवर आली," त्या म्हणाल्या. "सगळं ठीक. पण मला एक सांग, ती बाई स्वतःच्या नावाचं ताट कधी खाणार?"

ऋतुजानं विचार केला. मनात केसरबाई आल्या, मग आई आली. समोर मॅडम बसल्या होत्या, आणि त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा डबा दुपार टळून गेली तरी बंदच होता.

"त्याला एवढी इंटर्नशिप पुरायची नाही, मॅडम," ती म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडं पाहिलं, आणि पेनचं टोपण काढलं.